बाकी तीन

हरवलेल्या माणसांच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीसमोर एक लाकडी बाक आहे. मी शिवणकाम करते, पण दर गुरुवारी मशीनवर फडकं टाकायचं आणि त्या बाकावर जाऊन बसायचं, असं माझं चार वर्षांच्या वर चाललं आहे. माझा नवरा एका सकाळी कामाला म्हणून बाहेर पडला, तो अजून यायचा आहे. पण ही गोष्ट माझी नाही. माझ्या शेजारी येऊन बसणाऱ्या एका माणसाची आहे.

त्यांना सगळे नंबरवाले म्हणत. गाड्यांच्या आणि घरांच्या नंबरपाट्या करायचं त्यांचं छोटंसं दुकान होतं. पत्रा कापायचा, आकड्यांचे ठसे ओळीने लावायचे, दाबयंत्राचा दांडा अंगचा जोर लावून खाली ओढायचा आणि उठून आलेल्या आकड्यांवर काळा रंग फिरवायचा. शाळा आठवीतच सुटली होती, गणित मात्र सुटलं नव्हतं. कुठलाही नंबर हातात आला की त्याचे तुकडे पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गिऱ्हाईक पाटी न्यायला आलं की म्हणायचे, "तुमच्या गाडीला सतराने भाग जातो बरं का." गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "मग आता? काही बिघडेल का?" दुकानात बायको असली तर तिकडून म्हणायची, "काही नाही हो, तुम्ही घेऊन जा पाटी. बिघाड इकडे आहे."

घरात तिसरं माणूस म्हणजे अक्का, त्यांची थोरली बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नाही. शाळेत कोणी घातलं नाही, म्हणून अक्षरओळख नाही, आकडेसुद्धा नाहीत. घरातल्या घरात हातांची एक भाषा तयार झाली होती, ती त्या तिघांखेरीज कोणाला कळायची नाही. कानाची पाळी ओढली की नंबरवाले, कारण लहानपणी त्यांचे कान मोठे दिसायचे. हनुवटीवर बोट टेकलं की वहिनी. नंबरवाल्यांची आई लवकर गेली, तेव्हा ते चार वर्षांचे आणि अक्का तेरा वर्षांची. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. पुढे वय झालं तरी रस्ता ओलांडताना ती त्यांचं मनगट धरायची. बावन्न वर्षांच्या माणसाचं!

अक्का हरवली ती भर दुपारी, बसस्थानकावर. तिच्या डोळ्यांच्या तपासणीला दोघं निघाले होते. नंबरवाल्यांनी तिला खांबाजवळच्या कट्ट्यावर बसवलं, इथेच थांब अशी खूण केली आणि तिकिटं काढायला गेले. तिकिटं पाच मिनिटांत मिळाली. परत येताना वाटेत एक नवाकोरा ट्रक उभा होता. त्याच्या पाटीवरचा आठाचा ठसा तिरका पडला होता. ते थांबले. आधी ठसा पाहिला, मग नंबर पाहिला, मग नंबराचे तुकडे पाडायला लागले. किती वेळ गेला? त्यांच्या हिशेबाने सात-आठ मिनिटं. तेवढ्यात निळा सदरा घातलेला एक माणूस अक्कासमोरून गेला असावा. नंबरवाल्यांच्या अंगातही त्या दिवशी निळाच सदरा होता. शेंगदाणे विकणाऱ्या बाईने पाहिलं होतं की अक्का लगबगीने उठली, एका निळ्या पाठीमागे चालत गेली आणि त्याच्या मागोमाग एका बसमध्ये चढली. कुठली बस, ते त्या बाईला सांगता येईना. त्या वेळी एकदम सहा बसगाड्या सुटल्या होत्या.

हे सगळं त्यांनी मला पहिल्याच गुरुवारी सांगितलं, नाव-गाव विचारायच्या आधी. शेवटी म्हणाले, "ताई, मी ट्रकचा नंबर बघत होतो हो. ट्रकचा." मी पाण्याची बाटली पुढे केली.

त्या कचेरीत नावाला किंमत नाही. तक्रार नोंदवली की एक पावती मिळते, तिच्यावर आठ आकडी नंबर असतो, आणि पुढे तुमचं माणूस म्हणजे तो नंबर. खिडकीत पावती सरकवायची, कारकून नंबर संगणकात घालायचा, पडद्याकडे बघायचा आणि "माहिती नाही" म्हणून पावती परत करायचा. नावाने शोधा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "नावाने इथून दिसत नाही. नंबराचं बोला." शेजारी भिंतीवर काचेचा फळा होता. ज्या माणसांचा काही पत्ता लागला असेल त्यांचे नंबर त्यावर लागायचे. नाव नाही, गाव नाही, नुसते नंबर. खाली एक ओळ, "संबंधितांनी चौकशी करावी." आत जायच्या आधी आम्ही सगळे तो फळा वाचायचो. वरून खाली आणि पुन्हा खालून वर.

नंबरवाल्यांचा नंबर होता ७९२४५४३३. तक्रार नोंदवली त्या दिवशी छपाईयंत्र बंद होतं, म्हणून कारकुनाने हातानेच पावती लिहून शिक्का मारून दिली होती. अक्षर मोत्यासारखं होतं.

पहिल्याच दिवशी बाकावर बसल्या बसल्या त्यांनी त्या नंबराला भाग द्यायला सुरुवात केली. मला वाटलं, सवयीने करताहेत. मी मान वळवून बघत होते तर म्हणाले, "शेवटी तीन आहे, म्हणजे दोनने नाही, पाचने नाही. आकड्यांची बेरीज सदतीस, म्हणजे तीननेही नाही. सातने बघू." बोटावर काहीतरी मोजलं आणि एकदम कळवळले. "अरेरे! एकाने राहिला. एकच जास्त झाला बघा." मग अकराने पाहिलं. एकाआड एक आकडे मिळवायचे, दोन्ही बेरजा एकमेकींतून वजा करायच्या, काही उरलं नाही किंवा अकराच उरले तर भाग जातो. वीस आणि सतरा. तीन उरले. तेराने सात उरले. खिडकीतून त्यांच्या नावाचा, म्हणजे नंबराचा, पुकारा झाला तेव्हा ते एकोणीसपर्यंत पोचले होते.

"माहिती नाही," कारकून म्हणाला.

दोन-तीन गुरुवारांनी त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. त्यांनी मनाशी एक पैज लावली होती. नंबराला कशाने तरी भाग गेला, तर अक्का सापडेल.

"आणि नाही गेला तर?" मी विचारलं.

ते पुढच्या संख्येने भाग द्यायला लागले.

मी फार शिकलेली नाही, पण त्यांनी समजावलं ते मला कळलं. ज्या संख्येचे तुकडे होत नाहीत ती मूळ संख्या. नंबराला भाग द्यायचा तर फक्त मूळ संख्यांनीच देऊन बघायचा, बाकीच्यांनी देणं म्हणजे फुकटची मेहनत. आणि ८९०१ च्या पुढे जायची गरज नाही, कारण मोठा तुकडा असेल तर त्याच्या जोडीचा लहान तुकडा त्याआधीच हाती लागायला हवा. म्हणून त्यांनी एका जाड वहीत एकपासून नऊ हजारपर्यंत आकडे लिहून काढले, दोनच्या पाढ्यातले खोडले, तीनच्या पाढ्यातले खोडले, असं करत करत जे उरले त्यांना लाल गोल केले. अकराशेच्या वर गोल झाले. प्रत्येकाने एकदा भागाकार करायचा.

"संगणकाला विचारलं तर चुटकीसरशी सांगेल," मी एकदा म्हटलं.

"सांगेल ना. पण मग मी काय करू?" ते म्हणाले.

महिने गेले. सुरुवातीला ते इस्त्रीचा सदरा घालून यायचे, मग इस्त्री गेली, मग दाढीही राहायला लागली. दुकानात चुका व्हायला लागल्या. एकाच्या गाडीची पाटी दुसऱ्याच्या नंबराची झाली आणि तो माणूस रस्त्यात अडकून मनस्ताप भोगून आला. बायको अधूनमधून त्यांच्याबरोबर यायची. एकदा ती माझ्यापाशी रडली. म्हणाली, "जेवताना ताटाच्या कडेला बोटाने भागाकार करतात. मी म्हटलं, अहो, आकड्यांत कधी माणसं सापडतात का? तर म्हणाले, आकड्यांतच हरवलीय, तिथेच शोधायला नको का? आता याला मी काय उत्तर देऊ?"

सुट्टीच्या दिवशी ते त्या सहा बसगाड्यांपैकी एकेकीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे, अक्काचा फोटो दाखवत फिरायचे आणि परत यायचे. सहाही मार्ग झाले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक वेळी निळाच सदरा घालायचे. तिने लांबून ओळखावं म्हणून.

चौदाव्या महिन्यात एका मंगळवारी ते माझ्या घरी आले. मी कोणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होते. दारातून आत न येता त्यांनी वही पुढे धरली.

"गेला, ताई. भाग गेला."

सात हजार नऊशे एकोणीस. वहीतला हजारावा लाल गोल. आधीच्या नऊशे नव्व्याण्णवांनी दाद दिली नव्हती. त्यांनी भागाकार माझ्यासमोर पुन्हा करून दाखवला. पहिल्या चार आकड्यांत एकदा गेला, पाच उरले. पुढचा आकडा खाली घेतला, भाग जाईना, शून्य. पुन्हा शून्य. पुन्हा शून्य. शेवटचा तीन खाली घेतला तेव्हा पंचावन्न हजार चारशे तेहतीस झाले होते, आणि सात हजार नऊशे एकोणीस साते बरोबर तेवढेच होतात. खाली काही उरलं नाही. उत्तर आलं दहा हजार सात, आणि तीही मूळ संख्याच, पाच आकड्यांतली सगळ्यात पहिली. म्हणजे त्या एवढ्या मोठ्या नंबराचे दोनच तुकडे होते.

"चला," ते म्हणाले.

"आज मंगळवार आहे."

"चला हो!"

आम्ही गेलो. रांग मोडून ते खिडकीशी घुसले, लोक ओरडले, तरी त्यांनी पावती आत सरकवली. कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या, नंबर घातला, पडदा पाहिला.

"माहिती नाही."

"पुन्हा बघा. नीट बघा. आज असायला पाहिजे."

"आज काय विशेष आहे? माहिती नाही म्हणजे नाही. पुढचा कोण?"

ते बाकावर येऊन बसले. मी माणसं रडताना खूप पाहिली आहेत, त्या बाकावर दुसरं असतं काय. पण त्यांना रडू येत नव्हतं. ते वहीची पानं फाडत होते, एकेक करून, व्यवस्थित, शिवणीपासून, आणि मांडीवर ठेवत होते. म्हणाले, "चौदा महिने. ताई, मी चौदा महिने नुसते भागाकार केले. तेवढ्या वेळात रोजच दारोदार फिरलो असतो तर?" मग म्हणाले, "आता जगून काय करायचं?" हे त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं. कचेरीच्या मागे रेल्वेचा रूळ होता. ते त्या बाजूच्या दाराकडे बघत होते.

काहीतरी बोलून त्यांना तिथे बसवून ठेवणं भाग होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी माझी पावती त्यांच्या मांडीवर ठेवली. "भाऊ, माझ्या नंबराला कधी भाग दिला नाहीत तुम्ही. बघा तरी."

त्यांनी पावतीकडे पाहिलं. ६८३१०७२६. सवय मोठी वाईट असते. डोळे नंबरावर फिरले आणि ओठ हलायला लागले. "तुमचा सोपा आहे. दोनने जातो. तीनने जातो. अकरानेही जातो."

"माझा बघा हो," पलीकडून निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला. त्याचा मुलगा हरवला होता. त्यालाही परिस्थिती कळली असावी, जुना माणूस. ७०४५८६१९.

"दोनने नाही, तीनने नाही, सातने…" ते थबकले. "अकराने जातो."

रांगेतल्या एका मुलीने तिच्या वडिलांची पावती पुढे केली. ७४३१०२२५. या वेळी त्यांनी दोन-तीनचा विचारच केला नाही. थेट एकाआड एक आकडे मिळवले. अकरा येतील बारा येतील असं मला वाटत होतं, तोवर ते ताडकन उभे राहिले.

"हाही अकराने."

मग ते वेड्यासारखे रांगेतून फिरले. द्या तुमची पावती, तुमची द्या, फक्त बघतो, घेत नाही. काहींनी दिल्या, काहींनी छातीशी घट्ट धरल्या. चौदा पावत्या पाहिल्या. चौदाच्या चौदा नंबरांना अकराने भाग जात होता. मग फळ्यापाशी गेले. फळ्यावर त्या दिवशी नऊ नंबर होते. नऊच्या नऊ.

ते माझ्याकडे वळले. "माझा जात नाही. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं मी. बाकी तीन उरते. ताई, सगळ्यांना अकराने जातो आणि माझ्याच एकट्याला जात नाही. हा या कचेरीचा नंबरच नाही. पावती चुकलीय!"

खिडकीतला कारकून ऐकून घेईना. "अकराने भाग? इथे काय शाळा भरलीय?" पण बसड्रायव्हर खिडकीला खेटून उभा राहिला, ती मुलगी उभी राहिली, मी उभी राहिले, आणि आता कोणीच पुढची पावती आत सरकवेना. शेवटी गोंगाट ऐकून वरच्या मजल्यावरची संगणकवाली बाई खाली आली. तरुण होती, कानामागे पेन अडकवलेलं. नंबरवाल्यांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने पावती हातात घेतली, ओठांतल्या ओठांत आकडे मोजले, पुन्हा मोजले.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "शेवटचा आकडा आम्ही मुद्दाम तसा घालतो. अख्ख्या नंबराला अकराने भाग जायलाच हवा. कोणी एक आकडा चुकवला किंवा शेजारचे दोन उलटसुलट केले तर भाग जात नाही, म्हणजे चूक लगेच कळते."

"मग चौदा महिने कशी कळली नाही?"

ती खाली बघत म्हणाली, "खिडकीवरच्या संगणकात ती तपासणी बंद ठेवलीय. रांग तुंबते म्हणून. नंबर अस्तित्वातच नसला तरी पडद्यावर तेच येतं. माहिती नाही."

त्या वेळी नंबरवाल्यांनी कोणावर हात टाकला असता तरी मी त्यांना अडवलं नसतं. पण त्यांनी फाटलेल्या पानाची मागची बाजू घेतली आणि तिथेच, भिंतीला टेकवून, लिहायला लागले. एखादा एकच आकडा चुकला असेल तर तो काय काय असू शकतो, म्हणजे बाकी उरणारे तीन फिटून अकराने भाग जाईल? सात नंबर निघाले. शेजारचे दोन आकडे उलटे पडले असतील तर? त्यातून एकच निघाला. एकूण आठ. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चौदा महिन्यांचं गणित एकीकडे आणि ही दहा मिनिटं एकीकडे.

संगणकवाली बाई आम्हाला वर घेऊन गेली. मी, नंबरवाले आणि तो कागद. ती एकेक नंबर घालत होती. "पुरुष, वय चाळीस. नाही." पुढचा. "असा नंबर नाही." पुढचा. "लहान मुलगी. नाही." नंबरवाले प्रत्येक नंबराला काट मारत होते आणि त्यांच्या पेनाची रेघ दर वेळी जास्त खोल उमटत होती. सात संपले. शेवटचा राहिला, उलट्या आकड्यांचा. सात नऊ दोन नाही, सात दोन नऊ. ७२९४५४३३.

ती वाचायला लागली. "स्त्री. वय एकसष्ट. ऐकू येत नाही, बोलता येत नाही…"

पुढचं तिने मनातल्या मनात वाचलं, आणि मग आमच्याकडे न बघता सांगितलं. अक्का नवव्या दिवशीच सापडली होती. तीनशे किलोमीटरवरच्या एका गावात बसस्थानकावर बसलेली. तिथल्या निवारागृहाने कळवलं, कचेरीने वर्णन ताडून पाहिलं, जुळलं, आणि नंबर फळ्यावर लावला. सहा आठवडे तो फळ्यावर होता. कोणीच आलं नाही म्हणून काढून टाकला आणि शेरा मारला, 'नातेवाईक उत्सुक नाहीत.' पुढे तिला बेवारस धरून आणखी लांबच्या आश्रमात हलवलं.

"घरी का नाही कळवलं?" मी ओरडले.

"घरी कळवायला माणसं नाहीत. म्हणून तर फळा आहे."

सहा आठवडे! सहा गुरुवार आम्ही दोघांनी तो नंबर वाचला होता, वरून खाली आणि खालून वर. काचेवर बोट टेकवून वाचला होता. अक्का त्यांच्या बोटाखाली होती. आणि इतरांच्या नंबरांचे तुकडे पाडायचं त्यांनी त्या काळात सोडून दिलं होतं, कारण आपल्या एका नंबरातून त्यांचं डोकं वर निघतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते, त्यांची बायको आणि मी निघालो. बायकोने मला आग्रहाने घेतलं. "यांचं काही खरं नाही, तुम्ही असलात तर मला धीर येईल," म्हणाली. बसने अकरा-बारा तास लागले. नंबरवाल्यांनी निळा सदरा तेवढा धुऊन घातला होता.

आश्रम म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मधल्या टेबलांवर बायका कागदाची पाकिटं चिकटवत बसलेल्या. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, त्यामुळे पटकन कोण कोण ते कळेना. बायकोने आधी ओळखलं. खिडकीपाशी, पाठमोरी. तिने नंबरवाल्यांना हळूच पुढे केलं.

अक्काने मान वळवून पाहिलं. तिने ओळखलं, यात मला तिळभरही शंका नाही. तिचा हात खळीच्या वाटीत तसाच राहिला. नंबरवाल्यांनी कानाची पाळी ओढली, ओढतच राहिले, लहान मुलासारखे. ती बघत राहिली. मग तिने खळीचा हात फडक्याला पुसला, तळवा त्यांच्याकडे करून हवेत ढकलला, जसं आपण केर बाहेर लोटतो, आणि त्याच हाताचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण एवढं कोणालाही कळलं असतं. तू मला टाकलंस.

नंबरवाले मान हलवत होते, नाही नाही करत होते. पण सांगणार कसं? कुठल्या खुणेने सांगणार? त्यांनी टेबलावरची दोन पाकिटं उचलली, एक मोठं, एक लहान, तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांची अदलाबदल करून दाखवली. पुन्हा जागच्या जागी, पुन्हा अदलाबदल. हे असं झालं, अक्का, एवढंच झालं. अक्काने शांतपणे ती पाकिटं त्यांच्या हातातून काढून घेतली, मोठं मोठ्यांच्या ढिगात ठेवलं, लहान लहानांच्या, आणि पुढचं पाकीट चिकटवायला घेतलं.

ते तिथेच जमिनीवर बसले आणि तेव्हा कुठे रडले.

आश्रमाच्या बाईंनी सांगितलं, "पहिले काही महिने फाटक वाजलं की धावत जायची. निळ्या कपड्यातला कोणी दिसला की धावत जायची. मग एक दिवस बंद झालं." त्या चांगल्या होत्या. खोटं समाधान दिलं नाही.

कागदपत्रं व्हायला तीन आठवडे लागले. अक्का घरी आली, पण आपणहून नाही. बायकोने हात धरला म्हणून आली. बसमध्ये ती बायकोजवळ बसली, नंबरवाले चार बाकं मागे. घरात तिने आपली पिशवी वर्षभर सोडली नाही. कपडे धुऊन वाळले की घडी करून पुन्हा पिशवीत. नंबरवाल्यांनी वाढलेलं खायची नाही, बायकोने तेच ताट उचलून पुन्हा पुढे ठेवलं की खायची. रस्त्यात मनगट धरणं तर संपलंच.

नंबरवाले अजून दर गुरुवारी कचेरीत येतात. त्यांचं तिथे काही काम नाही. ते दाराशी स्टूल टाकून बसतात, आणि नवा माणूस पावती घेऊन बाहेर पडला की म्हणतात, "जरा दाखवता का?" एकाआड एक आकडे मिळवतात, वजा करतात, परत देतात. अडीच वर्षांत त्यांनी तीन चुकलेल्या पावत्या पकडल्या. कारकून त्यांच्याकडे बघत नाही. तपासणी अजूनही बंदच आहे, रांग तुंबते म्हणून. माझी पावती तर त्यांनी किती वेळा तपासली असेल. दर वेळी बाकी शून्य. माझा नंबर बरोबर आहे. दुरुस्त करायला माझ्याकडे काही नाही, हे त्यांनाही कळतं. मग ते पावती नुसती हातात न देता नीट घडी घालून देतात.

परवा त्यांच्याकडे गेले होते. अक्का आता दुकानात बसते, पाट्यांवरचा जास्तीचा रंग चिंधीने पुसते. मी आत गेल्यावर तिने उठून मला स्टूल दिलं. बायको आली, तिला आतून खुर्ची आणून दिली. नंबरवाले आले, तेव्हा उरलेल्या एकुलत्या खोक्यावर तिने रंगाचा डबा ठेवला आणि कामाला लागली. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"अहो, मी उठते, तुम्ही बसा," बायको म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले. "चिडलीय म्हणजे ओळखते. परकं माणूस असतं तर बसायला दिलं असतं की."

अक्काने चिंधी झटकली आणि पुढची पाटी ओढली. आम्ही चहा प्यायलो. ते उभ्यानेच प्यायले.